चौदाशे वर्षांचे वैर नावाची पळवाट

२०२५ च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराण यांचे बारा दिवसांचे युद्ध चालू होते, तेव्हा मराठी वाहिन्यांवर आणि घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाक्य सतत फिरत होते : शिया आणि सुन्नी चौदाशे वर्षे भांडत आले आहेत, तिथे समजून घेण्यासारखे काही नाही. इराण शिया, म्हणून सुन्नी देश मनातून खूश असतील, शिया गट आता इस्रायलवर तुटून पडतील, अशी भाकितेही त्याच वाक्याच्या पोटातून निघत होती. प्रत्यक्षात काय झाले? १३ जूनला इस्रायलने पहिला हल्ला केला त्याच दिवशी सौदी अरेबियाच्या परराष्ट्र खात्याने निषेधाचे पत्रक काढले आणि त्यात इराणला बंधुराष्ट्र म्हटले. आणि हिजबुल्ला या ज्या शिया सशस्त्र संघटनेला इराणने चाळीस वर्षे पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले, ती लेबनॉनमध्ये हाताची घडी घालून बसली. म्हणजे दोन्ही भाकिते फसली. तरी ते वाक्य काही मागे हटले नाही; पुढच्या चर्चेला ते तसेच हजर होते. एखादे स्पष्टीकरण घटनांनी खोटे पाडले तरी टिकून राहते, तेव्हा ते सांगणाऱ्यांना त्याची काहीतरी सोय असते असे समजावे.

समोरच्या बाजूची मांडणीही तितकीच तोकडी आहे. तिथे इराण म्हणजे साम्राज्यवादापुढे न झुकलेला एकटा देश आणि त्याचे लेबनॉन, इराक, येमेनमधले सगळे गट म्हणजे शोषितांची आघाडी. एका बाजूला इराण हा निव्वळ पंथ वाटतो, दुसरीला निव्वळ तत्त्व. इराण हे एक राज्य आहे, त्याला सीमा आहेत, तेल आहे, भीती आहे आणि हाव आहे, ही साधी गोष्ट दोघांच्याही हिशेबात येत नाही. माझे म्हणणे असे : पश्चिम आशियात वर्चस्व मिळवण्याची इराणची धडपड ही राज्याची धडपड आहे. डोक्यावर मुकुट होता तेव्हाही ती होती, अमामा, म्हणजे धर्मगुरूंची पगडी, आला तेव्हाही राहिली. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर बदलले ते साधन. पंथ हे साधन इराणने हाती घेतले, त्याच्या जोरावर तो भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत पोचला, आणि त्याच साधनाने त्याच्या वर्चस्वाला कुंपण घातले.

१९७९ आधीचा इराण आठवून पाहा. मोहम्मद रझा शहा पहलवी शियाच होते आणि प्रजाही बहुसंख्येने शियाच होती. ब्रिटिश आखातातून काढता पाय घेत होते तेव्हा या शहांना आखाताचे राखणदार व्हायचे होते. त्यांनी काय केले? बहारीनवर इराणचा जुना दावा होता आणि बहारीनची बहुसंख्य प्रजा शिया होती. तो दावा त्यांनी १९७० मध्ये सोडून दिला. पण ३० नोव्हेंबर १९७१ ला होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेली अबू मुसा, थोरली तुंब आणि धाकटी तुंब ही तीन बेटे सैन्य उतरवून ताब्यात घेतली, कारण तेलाची जहाजे त्यांच्या शेजारून जातात. ओमानमध्ये ढोफारच्या डोंगरात मार्क्सवादी बंड झाले, तर सुलतान काबूस यांना वाचवायला इराणी फौजा गेल्या. सुलतान इबादी पंथाचे, म्हणजे शियाही नाहीत आणि सुन्नीही नाहीत. इराकला जेरीस आणण्यासाठी शहांनी तिथल्या कुर्दांना बंदुका पुरवल्या, आणि ते कुर्द बहुतांशी सुन्नी होते. १९७५ मध्ये अल्जीयर्सला इराकशी सौदा जमला, शत्त-अल-अरब या सीमेवरच्या नदीच्या पाण्यावर हवी तशी सीमा मिळाली, तसे त्याच कुर्दांना वाऱ्यावर सोडले. या सगळ्या हिशेबात पंथ कुठे होता? पुढे क्रांती झाली, शहांचे पुतळे दोर लावून पाडले गेले, त्यांची प्रत्येक खूण पुसायचा प्रयत्न झाला. ती तीन बेटे मात्र नव्या राजवटीने परत केली नाहीत. आजही ती इराणच्याच ताब्यात आहेत.

येमेनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९६२ मध्ये सना येथे सैनिकांनी उठाव करून इमाम मुहम्मद अल-बद्र यांची सत्ता उलथवली. इमाम झैदी, म्हणजे शियांच्या एका शाखेचे. ते उत्तरेच्या डोंगरात पळाले आणि त्यांच्या मदतीला धावून आले सौदी अरेबिया. सोने, बंदुका, सीमेपलीकडचा आसरा, सारे काही रियाधने या शिया इमामाला दिले, कारण पलीकडच्या बाजूला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर होते, त्यांचे हजारो सैनिक येमेनमध्ये उतरले होते, आणि राजेशाही उलथवण्याची ती साथ आपल्या दारात येईल अशी सौदी राजघराण्याला धास्ती होती. इराणचे शहासुद्धा त्या वेळी सौदींच्याच बाजूला होते. मार्च २०१५ मध्ये त्याच उत्तर येमेनच्या डोंगरांवर, त्याच झैदींच्या नातवंडांवर सौदी विमाने बॉम्ब टाकू लागली, कारण हूती या झैदी बंडखोरांनी सना घेतले होते आणि त्यांच्यामागे आता इराण उभा होता. माणसे तीच, डोंगर तेच, पंथ तोच. चौदाशे वर्षांचे वैर १९६२ मध्ये कुठे गेले होते?

आपल्या दख्खनच्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. सोळाव्या शतकात अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा या तिन्ही दरबारांनी कधी ना कधी शिया पंथ स्वीकारला, आणि इराणच्या सफवी शहांशी त्यांचा घरोबा होता. पंथाने माणसे बांधली जातात हे खरे असते, तर हे तिघे एकजीव व्हायला हवे होते. ते सोलापूर आणि कल्याणीच्या किल्ल्यांसाठी एकमेकांच्या उरावर बसले. विजापूरचा अली आदिलशहा शिया, अहमदनगरचा हुसेन निजामशहा शिया. आणि अलीने हुसेनला नमवण्यासाठी विजयनगरच्या रामरायाचा हात धरला. रामरायाच्या फौजा अहमदनगरपर्यंत येऊन गेल्या. रामराय फार डोईजड झाला तेव्हा दोन्ही घराण्यांत सोयरीक झाली, हुसेनची लेक चांदबिबी विजापुरी दिली गेली आणि तिच्यासोबत आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला गेला. १५६५ मध्ये हे सुलतान मिळून रामरायावर चालून गेले आणि विजयनगर पाडले. थोड्याच वर्षांत दोघे पुन्हा एकमेकांशी लढू लागले. १६३६ मध्ये शहाजहानने गोवळकोंड्याला करारात बांधले, तेव्हा शुक्रवारच्या खुतब्यातून, म्हणजे नमाजाच्या प्रवचनातून, इराणच्या शहाचे नाव काढून आपले घालण्याची अट घातली. दिसायला ती पंथाची अट होती; खरा प्रश्न होता की दख्खनचा धनी कोण, आग्रा की इस्फहान. आपण शाळेत हा इतिहास शिकतो तेव्हा त्याला किल्ल्यांचे आणि महसुलाचे राजकारण म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग तेच राजकारण तेहरान आणि रियाध करतात तेव्हा आपल्याला फक्त श्रद्धा का दिसते?

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घेऊ, कारण ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. श्रद्धा खोटी नाही. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर प्रेषितांचे नातू इमाम हुसेन यांना तहानलेले मारले गेले, त्याचा शोक आजही करोडो माणसे मनापासून करतात. इराणच्या राज्यघटनेचे बारावे कलम बारा इमाम मानणारा जाफरी पंथ हाच देशाचा धर्म म्हणून कायमचा ठरवून टाकते आणि राष्ट्राध्यक्ष त्याच पंथाचा असावा लागतो. तिथल्या सुन्नी बलुची आणि कुर्दांना याचा अर्थ रोज अनुभवायला मिळतो, जसा तो सौदी अरेबियाच्या कातीफमधल्या शियांना मिळतो. आणि द्वेष तर उघड आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये इराकमधल्या समाऱ्याच्या अल-अस्करी या शिया दर्ग्याचा सोनेरी घुमट बॉम्बने उडवला गेला आणि त्यानंतर बगदादमध्ये नाक्यानाक्यांवर ओळखपत्र पाहून माणसे मारली गेली. नाव उमर असले तर एका नाक्यावर मरण, अली असले तर दुसऱ्या. जून २०१४ मध्ये आयसिसने तिक्रितजवळच्या स्पायकर तळावरच्या सतराशेच्या आसपास कोवळ्या शिया कॅडेटांना वेगळे काढून खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातल्या. मारणारे राजकारणाचा हिशेब करत नव्हते, ते पंथच विचारत होते. हे मी नाकारत नाही. 

पण उमर आणि अली ही नावे बगदादमध्ये २००६ साली पहिल्यांदा ठेवली गेली नव्हती. त्याच शहरात ही दोन्ही नावे एका गल्लीत, अनेकदा एका घरात नांदत होती, कारण शिया-सुन्नी लग्ने तिथे सर्रास होत. सद्दामचे राज्य क्रूर होते, १९९१ चा दक्षिणेतला शियांचा उठाव त्याने रक्तात बुडवला होता. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याचे ओळखपत्र मागावे अशी वेळ तेव्हा आली नव्हती. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या प्रशासनाने इराकचे सैन्य एका फर्मानाने बरखास्त केले, सद्दामच्या बाथ पक्षाची माणसे काढण्याच्या नावाखाली नोकरशाही मोडली, आणि जुलैमध्ये जी प्रशासकीय परिषद नेमली तिच्या पंचवीस जागा पंथ आणि वंश मोजून वाटल्या : तेरा शिया, पाच सुन्नी अरब, पाच कुर्द, एक तुर्कमेन, एक असीरियन. पोलीस नाही, पगार नाही, न्यायालय नाही आणि सत्तेत शिरायची एकच खिडकी, ती पंथाची. अशा वेळी माणूस जीव वाचवायला कुठे धावणार? ज्याच्या हाती बंदूक आहे आणि जो 'आपला' आहे, त्याच्याकडे. नाक्यावर कोण मेला हे पंथाने ठरवले; तिथे नाका उभा का राहिला, याचे उत्तर पंथात सापडत नाही. ते राज्य कोसळण्यात सापडते, आणि कोसळलेल्या राज्याच्या ढिगाऱ्यावर ज्यांनी ज्यांनी आपापली माणसे पेरली त्यांच्यात सापडते.

प्राचीन वैराची ही भाषा किती महाग पडते, हे बोस्नियात एकदा दिसले आहे. १९९२ पासून युरोपातले कितीतरी मुत्सद्दी सांगत होते की बाल्कनमधले लोक शतकानुशतके असेच मारत-मरत आले आहेत, बाहेरच्यांनी त्यात पडून उपयोग नाही. त्या समजुतीच्या सावलीत जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्साला आठ हजारांच्या आसपास मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले, संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या डोळ्यांदेखत त्यांना वेगळे काढून नेले गेले. वैर प्राचीन आहे असे म्हटले की गुन्हेगाराचे नाव घ्यावे लागत नाही. जो म्हणतो त्याला यातून सुटका मिळते आणि जो करतो त्यालाही.

दुसरा मुद्दा इराणच्या बाजूने येतो आणि तोही मला खरा वाटतो. इराणची भीती काल्पनिक नाही. १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसाद्देग यांचे निवडून आलेले सरकार अमेरिका आणि ब्रिटनने पाडले. २२ सप्टेंबर १९८० ला सद्दामने आक्रमण केले, आठ वर्षे युद्ध चालले, कुवेत आणि सौदींचा पैसा सद्दामच्या मागे होता आणि पाश्चात्त्य देशांचीही त्याला साथ होती. जून १९८७ मध्ये सरदश्त या इराणी गावावर विषारी वायूचे बॉम्ब पडले, जगाने दुर्लक्ष केले. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विन्सेन्स युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले, त्यात २९० माणसे गेली. इतके सोसलेल्या देशाने ठरवले की पुढचे युद्ध आपल्या अंगणात होऊ द्यायचे नाही, ते शत्रूच्या दाराशी नेऊन ठेवायचे, तर त्यात अनाकलनीय काय आहे? अरबांच्या शेजारात राहणाऱ्या या फारसी भाषिक देशाला करारबद्ध मित्र नव्हते, शस्त्रे मिळत नव्हती. क्रांतीचे नेते खोमेनी यांनी सुरुवातीला हाक साऱ्या मुसलमानांना दिली होती, पण दारे उघडली ती मुख्यतः तिथे, जिथे शिया समाज उपेक्षित होता. दक्षिण लेबनॉन आणि बेका खोऱ्यातला शिया शेतकरी बैरुतच्या राजकारणात कुणाच्या खिजगणतीत नव्हता. इमाम मुसा अल-सद्र यांनी १९७४ मध्येच त्यांच्यासाठी वंचितांची चळवळ उभी केली होती. १९८२ मध्ये इस्रायली रणगाडे त्याच गावांतून बैरुतकडे गेले आणि इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्सनी बेकामध्ये येऊन हिजबुल्लाची पायाभरणी केली. इराणने तो असंतोष निर्माण केला नाही. त्याने तो ओळखला आणि वापरला.

इथपर्यंत मी इराणची बाजू समजू शकतो. मात्र स्वसंरक्षणाचा हा युक्तिवाद सीरियात येऊन कोलमडतो. मार्च २०११ मध्ये दरा या शहरातल्या शाळकरी पोरांनी भिंतीवर घोषणा लिहिल्या, त्यांना पकडून छळले गेले आणि लोक रस्त्यावर आले. ती पोरे इराणवर चालून आली होती का? बशर अल-असद यांची राजवट बाथ पक्षाची, धर्माला चार हात दूर ठेवणारी. ते स्वतः अलवी, ज्यांना शिया म्हणावे की नाही यावर धर्मपंडितांचे शतकानुशतके एकमत नव्हते. तरी तेहरानने सर्वस्व पणाला लावले, कारण लेबनॉनला जाणारा रस्ता दमास्कसवरून जातो. अफगाण हजारा निर्वासितांमधून फातेमियून आणि पाकिस्तानी शियांमधून झैनबियून अशी पथके उभारली. त्या गरीब पोरांना सांगितले गेले की तुम्ही हुसेन यांची बहीण सय्यदा झैनब यांच्या दर्ग्याचे रक्षण करायला निघाला आहात. रस्त्याचे युद्ध दर्ग्याच्या नावाने लढवले गेले. श्रद्धेचा याहून निर्दय वापर मला आठवत नाही.

आणि इथेच इराणने आपल्या हाताने आपले नुकसान केले. २००६ च्या उन्हाळ्यात हिजबुल्ला इस्रायलशी चौतीस दिवस लढली, तेव्हा तिचे नेते हसन नसरल्ला यांच्या तसबिरी कैरोत आणि दमास्कसमध्ये सुन्नी घरांत, दुकानांत लागल्या होत्या. लेबनॉनमधून पळून आलेल्या शिया कुटुंबांना सीरियातल्या साध्या माणसांनी आपल्या घरात आसरा दिला होता. चौदाशे वर्षांच्या वैरवाल्यांनी त्या उन्हाळ्याचा खुलासा करावा. सात वर्षांनी, २०१३ मध्ये, तीच हिजबुल्ला सीरियात अल-कुसैर शहर असदसाठी जिंकायला बंदुका घेऊन उतरली. हमास या सुन्नी संघटनेने दमास्कसमधले आपले बस्तान आधीच गुंडाळले होते. अरब रस्त्यावर जी पत पंचवीस वर्षांत कमावली होती, ती दोन-तीन वर्षांत गेली. जगातल्या मुसलमानांत शिया साधारण दहा ते पंधरा टक्के. ज्याला साऱ्या प्रदेशाचे नेतृत्व हवे आहे त्याने पंथाचे निशाण पुढे धरले, तर उरलेल्यांना विरोधात उभे राहायला वेगळे कारण शोधावे लागत नाही. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला २००४ मध्ये 'शिया चंद्रकोरी'ची, म्हणजे इराणपासून लेबनॉनपर्यंतच्या शिया पट्ट्याची, भीती घालत होते तेव्हा ती अतिशयोक्ती होती. इराणने पुढच्या दहा वर्षांत तिला पुरावे पुरवले.

सौदी राजघराणे यातून निर्दोष सुटत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. नोव्हेंबर १९७९ मध्ये सशस्त्र कट्टरांनी मक्केची मुख्य मशीद ताब्यात घेतली, त्याच वर्षी तेहरानमध्ये क्रांती झाली होती, आणि घाबरलेल्या रियाधने धर्माचा ठेका आपल्याकडेच आहे हे दाखवण्यासाठी तेलाचा पैसा जगभरच्या कडव्या मदरशांकडे आणि प्रचारकांकडे वळवला. पाकिस्तानातल्या इमामबाड्यांमध्ये पुढची कित्येक दशके जे स्फोट झाले, त्यांच्या पार्श्वभूमीला हा पैसा आहे. मार्च २०११ मध्ये बहारीनमधल्या निदर्शकांना निवडून दिलेले सरकार हवे होते. सौदी फौजा पूल ओलांडून गेल्या आणि त्या मागणीवर शियांचा कट असा शिक्का मारला गेला. पंथाची भाषा दोन्ही राजवाड्यांना उपयोगी पडते. प्रजेच्या मागणीला परक्याची फूस ठरवता येते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कट्टरपणात आपल्या कट्टरपणाचे समर्थन सापडते.

उपयोगी पडत नाही तेव्हा मात्र दोघेही ती सहज बाजूला ठेवतात. अझरबैजान शियाबहुल आणि आर्मेनिया ख्रिस्ती. इराणची जवळीक आर्मेनियाशी, कारण स्वतःच्या वायव्य भागात अझेरी लोकसंख्या मोठी आहे आणि त्यांना शेजारून हाक येईल ही चिंता आहे. तेच शियाबहुल अझरबैजान इस्रायलला तेल विकते आणि इस्रायलकडून शस्त्रे घेते. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची कोंडी केली. कतार सुन्नी, त्यातही वहाबी परंपरेचा. त्याला आपले आकाश खुले करून दिले आणि अन्नधान्य पाठवले ते इराणने. युरोपात तीस वर्षांचे युद्ध चालू होते तेव्हा कॅथलिक फ्रान्सचा कारभार पाहणारे कार्डिनल रिशल्यू यांनी १६३१ मध्ये प्रोटेस्टंट स्वीडनच्या राजाला पैसे दिले, कशासाठी, तर कॅथलिक हॅब्सबर्ग सम्राटाशी लढण्यासाठी. रिशल्यू यांना आपण मुत्सद्दी म्हणतो. तेहरान आणि रियाधला तेच विशेषण द्यायला आपली जीभ का अडखळते? ते फक्त श्रद्धेच्या झटक्यात वागू शकतात, विचार करू शकत नाहीत, असे तर आपण मनात धरून बसलो नाही ना?

या राजकारणाची किंमत कुणी मोजली हे पाहिले की मन विषण्ण होते. येमेनच्या युद्धात २०२१ च्या अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसे दगावली असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यातली निम्म्याहून अधिक थेट गोळीने किंवा बॉम्बने नव्हे, उपासमारीने, रोगाने आणि उपचार न मिळाल्याने गेली. आणि ज्याच्यासाठी हे सारे मांडले त्या इराणी वर्चस्वाचे काय झाले? सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या माणसांच्या हातातले पेजर फुटले आणि दहा दिवसांत नसरल्ला मारले गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस सीरियात बंडखोर निघाले आणि ८ डिसेंबरला असद मॉस्कोला पळाले. दहा-बारा वर्षे ओतलेला पैसा आणि रक्त बारा दिवसांत वाहून गेले. इराणच्या बाजूने रस्त्यावर उतरणारे कुणी सीरियात उरले नव्हते. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर एक हजाराहून जास्त माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य अलवी नागरिक होते. राजवाडा ज्यांच्या नावाने चालला, पण ज्यांच्या घरात कधी काही आले नाही, अशी ती साधी घरे होती. तेहरान त्यांना वाचवायला गेला नाही. जाण्याइतका तो उरलाही नव्हता.

कोणी म्हणेल, हे सारे तिकडचे, आपल्याला त्याचे काय? आखाती देशांत नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात, रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांतली घरे तिथल्या पगारावर उभी आहेत. चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार भारताने मे २०२४ मध्ये इराणशी केला, तो इराणला राज्य समजून केला. धोरण आखणारे एक भाषा बोलतात आणि चर्चा करणारे दुसरी. शिवाय 'ते तसेच असतात' हे वाक्य तिकडच्यांपुरते राहत नाही. ते फिरून आपल्या गल्लीतल्या माणसाला लागते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमला उंचच उंच ताबूत निघतात आणि त्यांत हिंदू मुसलमानांच्या खांद्याला खांदा लावून असतात. करबलाचा शोक म्हणजे अटळ वैर असते, तर त्या शोकाला महाराष्ट्राच्या गावागावांत असे रूप आलेच नसते.

पंथाच्या सिद्धांताला सर्वांत कडक उत्तर खुद्द इराकच्या शियांनी दिले आहे. १९८० ते १९८८ या काळात इराणशी लढलेल्या इराकी पायदळात बहुसंख्य शियाच होते; खोमेनींनी त्यांना सद्दामविरुद्ध उठायची हाक दिली होती, ते उठले नाहीत. पलीकडे इराणच्या खुझेस्तान प्रांतातल्या अरबांना सद्दामने अरब म्हणून साद घातली, तेही इराणशीच राहिले. विलायत-ए-फकीह, म्हणजे धर्मपंडिताच्या हाती राज्याची सूत्रे, हा खोमेनींचा विचार इराकच्या नजफमधले ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी कधी आपलासा केला नाही. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद, नासिरिया, करबला, नजफ इथली तरुण शिया पोरे नोकरी, वीज आणि स्वच्छ कारभार मागत बाहेर पडली, तेव्हा त्यांची घोषणा होती 'इरान बर्रा, बर्रा', इराण चालता हो. नजफमध्ये, इमाम अलींची कबर असलेल्या शहरात, २७ नोव्हेंबरला त्यांनी इराणचा वाणिज्य दूतावास पेटवला. त्या आंदोलनात पाचशेहून अधिक माणसे मारली गेली.

नजफला लागूनच वादी अल-सलाम आहे, जगातले सर्वांत मोठे कब्रस्तान. इमाम अलींच्या सावलीत विसावा मिळावा म्हणून शिया माणसे लांबलांबून आपले मृतदेह तिथे आणायला सांगतात. १९८० च्या दशकात इराणी तोफांनी मारलेले इराकी शिया सैनिक तिथे आहेत. २०१४ नंतर सिस्तानींच्या हाकेला ओ देऊन आयसिसशी लढताना पडलेले आहेत. आणि त्याच मातीत २०१९ ची पोरे आहेत, ज्यांच्या हत्यांचा ठपका इराणच्या जवळच्या सशस्त्र गटांवर ठेवला गेला. तिन्ही पिढ्यांच्या थडग्यांवर आई-बाप येऊन एकच फातिहा वाचतात.